नवा क्वार्टरबॅक कसा जोखायचा?

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांमध्ये एकच विषय चघळला जातो: यंदा आपल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू, कोण? पहिल्या सामन्याला अजून आठवडे असतात, पण सरावात कोण पहिल्या तुकडीबरोबर उतरला, कोणाचे पास हातात बसले आणि कोणाचे डोक्यावरून गेले, यावर न्हाव्याच्या दुकानापासून विद्यापीठाच्या ऑफिसापर्यंत वाद घातले जातात. सप्टेंबरात दोन सामने झाले की निकालही लागून जातो. एक तर हा पोरगा आपलं भलं करणार, नाही तर याला बसवा आणि दुसऱ्याला आणा. मधलं काही नाही.

आपल्याकडच्या कितीतरी जणांची भाचे-पुतणे मंडळी एमएस करायला अशाच गावांत जातात. दोन महिन्यांत अंगावर कॉलेजच्या रंगाचा टी-शर्ट येतो आणि शनिवारी फोन लावला तर “मॅच चालूय, नंतर करतो” असं उत्तर मिळतं. फोनच्या या टोकाला असलेल्यांसाठी हा लेख आहे. नवा क्वार्टरबॅक आला, ऑफेन्स सुधारतोय असं सगळे म्हणताहेत, तर ते खरं की नुसता उत्साह, हे कशावरून ओळखायचं? त्यासाठी मी एकच उदाहरण घेतो: लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, आणि तिथे २०१८ मध्ये आलेला क्वार्टरबॅक जो बरो (Joe Burrow). एकाच माणसाच्या लागोपाठ दोन वर्षांच्या आकड्यांत इतकं अंतर पडलेलं मला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही.

आधी खेळ थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल. शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे तो ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. तिसऱ्या डाउनलाही जमलं नाही तर चौथ्यावर बहुधा चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतात, नाही तर खांब टप्प्यात असतील तर किक मारून ३ गुण घेतात. चेंडू टोकाच्या रेषेपार नेला की टचडाउन. त्याचे ६ गुण, आणि वर एक-दोन गुणांची जादा संधी.

प्रत्येक डाउनला चेंडू जवळपास नेहमीच आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो शेजारच्या रनिंग बॅकला द्यायचा, पुढे पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. समोर पाच धिप्पाड गडी त्याला वाचवायला उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांनी पास झेलायचा नसतो. उरलेले पाच जण झेलू शकतात. यातला कोण मोकळा आहे, कोणाच्या अंगाला डिफेंडर चिकटलाय, हे बघून चेंडू सोडायला क्वार्टरबॅककडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे दोघं-तिघं त्याच्या अंगावर येत असतात.

व्यावसायिक लीगमध्ये चांगला क्वार्टरबॅक सापडला की संघ पंधरा वर्षं निवांत असतो. कॉलेजात तसं नाही. खेळाडूला खेळायला मोजके चारच सीझन मिळतात, त्यातही बरेच जण आधीच निघून जातात. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी गावाला नवा माणूस जोखावा लागतो, आणि तोही कमी पुराव्यावर.

किती कमी? बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं होता. पहिल्या वर्षी खेळलाच नाही, मग जे. टी. बॅरेटच्या मागे राखीव. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरावात हात मोडला, तोवर तिथलाच दुसरा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्स पुढे निघून गेला होता. तीन वर्षांत बरोने खऱ्या सामन्यांत एकूण ३९ पास टाकले. २०१८ च्या मे महिन्यात त्याने पदवी घेतली. तेव्हाच्या नियमाने पदवीधर खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता यायचं, बाकीच्यांना एक वर्ष बसून काढावं लागे. तो एलएसयूत आला तेव्हा तिथल्या लोकांच्या हाती एवढंच होतं: ३९ पास, तेही बहुतेक निकाल लागून गेलेल्या सामन्यांच्या शेवटी टाकलेले. वडील ओहायो युनिव्हर्सिटीत डिफेन्सचे कोच, त्यामुळे डिफेन्स कसा विचार करतो हे घरातच ऐकत वाढलेला मुलगा, ही एक जमेची बाजू. पण ती आकड्यांत दिसत नाही.

एलएसयूची नड मोठी होती. एलएसयूचं गाव बॅटन रूज, तिथलं टायगर स्टेडियम लाखावर माणसं घेतं, डिफेन्स देशात नावाजलेला, रनिंग बॅक एकापेक्षा एक. क्वार्टरबॅक मात्र मिळत नव्हता. २०११ च्या सीझनमध्ये हा संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेला आणि ९ जानेवारी २०१२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये अलाबामाकडून २१-० असा हरला. त्या रात्री एलएसयूच्या ऑफेन्सने सबंध सामन्यात ९२ यार्ड मिळवले आणि मैदानाची मधली रेषा एकदाच ओलांडली. त्यानंतर अलाबामासमोर हार हा वार्षिक कार्यक्रमच झाला. २०१६ मध्ये तर घरच्या मैदानावर १०-०. डिफेन्सने समोरच्यांना दहावर रोखायचं आणि आपल्या ऑफेन्सने शून्य करायचं, हे बघत एक पिढी मोठी झाली. तिच्यासमोर नवा क्वार्टरबॅक म्हणजे काय, याची कल्पना करा.

पहिलं वर्ष: कागदावर साधारण

२०१८ चा पहिला सामना मायामीशी. एलएसयू ३३-१७ जिंकली आणि बरोचे आकडे होते २४ पैकी ११ पास पोचले, १४० यार्ड, टचडाउन शून्य. हे वाचून कोणीही म्हणेल, आणखी एक आला. पुढे ऑबर्नविरुद्ध ३४ पैकी १५. म्हणजे निम्म्याहून जास्त पास जमिनीवर. पण संघ ११ गुणांनी मागे पडल्यानंतर चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये ७१ यार्डांचा टचडाउन पास, आणि अगदी शेवटच्या मिनिटांत संघाला मैदानावरून सरकवत किकच्या टप्प्यात आणून ठेवणं, हेही त्याच सामन्यातलं. शेवटच्या क्षणी ४२ यार्डांची किक बसली, २२-२१.

सीझन संपला तेव्हा बरोच्या नावावर ३७९ पैकी २१९ पास, म्हणजे ५७.८ टक्के, २,८९४ यार्ड, १६ टचडाउन आणि ५ इंटरसेप्शन. इंटरसेप्शन म्हणजे समोरच्याने आपला पास मधेच झेलणं. हे सगळं एका आकड्यात बसवायचं कॉलेज फुटबॉलचं एक सूत्र आहे: यार्डांना ८.४ ने गुणा, प्रत्येक टचडाउनचे ३३० मिळवा, पोचलेल्या प्रत्येक पासचे १००, इंटरसेप्शनमागे २०० वजा करा, आणि आलेल्या बेरजेला एकूण पासने भागा. बरोचं उत्तर आलं १३३.२. हा आकडा वाईट नाही, पण त्यासाठी कोणी पेढेही वाटणार नाही.

हे सूत्र एकदा हाताने सोडवून बघितलं तर त्यातली खोट लगेच कळते. पाच यार्डांचा सोपा पास टाकला आणि रिसीव्हर पुढे साठ यार्ड पळाला, तर सगळे यार्ड आणि टचडाउन क्वार्टरबॅकच्या खात्यात. उलट, हातात अलगद पडलेला पास रिसीव्हरने टाकला तर तोही क्वार्टरबॅकचाच हुकलेला. स्लिपमध्ये झेल सुटला की बोलरच्या पृथक्करणात विकेट दिसत नाही, तसलाच हा प्रकार. आणि पाठीमागून कोणीतरी धडक दिल्यामुळे घाईने फेकलेला चेंडू, तोही त्याच्याच नावावर. क्वार्टरबॅकचा आकडा म्हणून आपण जो वाचतो, तो निम्मा-अर्धा दहा इतर माणसांचा असतो.

मग पहिल्या वर्षी बघायचं काय? माझ्या मते, जे दुसऱ्या कोणाच्या हातात नसतं ते. बरोने पहिल्या पाच सामन्यांत एकही इंटरसेप्शन दिलं नव्हतं, ३७९ पासमध्ये फक्त पाच. यावरून तो घाबरट होता असं कोणी म्हणू शकेल, कारण काही क्वार्टरबॅक जोखीमच घेत नाहीत, चेंडू बाहेर भिरकावतात आणि आकडा स्वच्छ ठेवतात. म्हणून सोबत दुसरी गोष्ट बघायची: योजना मोडल्यावर तो काय करतो. तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्जियाविरुद्ध त्याचे ३० पैकी १५ पास पोचले, पण त्याने स्वतः पळत ६६ यार्ड काढले, दोन टचडाउन केले आणि एलएसयू ३६-१६ जिंकली. सीझनच्या शेवटी टेक्सस ए अँड एमबरोबर सात जादा डाव चालले, ७४-७२ असा अजब स्कोअर झाला. एलएसयू हरली, पण बरो त्या दिवशी २९ वेळा चेंडू घेऊन स्वतः पळाला होता. क्वार्टरबॅकने एवढ्या वेळा पळणं हे संघासाठी चांगलं लक्षण नव्हे, आणि त्याच्या हाडांसाठी तर नाहीच. पण त्याच्याबद्दल काहीतरी सांगणारं आहे.

१ जानेवारी २०१९ च्या फिएस्टा बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा पास समोरच्याने झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत नेला. त्या धावपळीत बरोला अशी धडक बसली की तो जमिनीवर आडवा झाला. उठला, परत आला आणि ३९४ यार्ड, ४ टचडाउन करून ४०-३२ जिंकला. समोरचा संघ त्याआधी सलग २५ सामने जिंकलेला होता. २०१८ च्या बाकीच्या सामन्यांमध्ये असं काही दिसलं नव्हतं. एका सामन्यावर मत बनवू नये हे खरंच, पण पुढच्या ऑगस्टमध्ये वाद घालायला हा मुद्दा खिशात ठेवण्यासारखा होता.

त्या वर्षाचा सगळ्यात बोलका सामना मात्र अलाबामाचा, ३ नोव्हेंबरचा. २९-०, तोही घरच्या मैदानावर. बरो ३५ पैकी १८, यार्ड १८४, एक इंटरसेप्शन. क्वार्टरबॅक पुरेसा चांगला नाही, असा निष्कर्ष काढायला एवढं पुरतं. फक्त त्याच्याच शेजारी दुसरा आकडा आहे: एलएसयूने त्या दिवशी जमिनीवरून, म्हणजे पळून, मिळवलेले एकूण यार्ड १२. सबंध सामन्यात बारा! डिफेन्सला पळण्याची भीतीच उरली नाही की ते सगळे मिळून पासवर तुटून पडतात, आणि मग क्वार्टरबॅक कोणीही असो, त्याला अडीच सेकंदही मिळत नाहीत.

मग बदललं काय

ऑफेन्सचे प्रमुख स्टीव्ह एन्समिंगर, साठीचे, स्वतः एकेकाळी एलएसयूचे क्वार्टरबॅक. मुख्य कोच एड ऑर्जेरॉन, लुइझियानाचेच, घोगऱ्या आवाजाचे, तिथल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या ढंगात बोलणारे. दोघंही तेच राहिले. २०१९ च्या जानेवारीत ऑर्जेरॉननी न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून २९ वर्षांच्या जो ब्रेडीला आणलं आणि पासिंगची आखणी त्याच्याकडे दिली. एन्समिंगरनी आपली खुर्ची धोक्यात आली असं न समजता त्याला जागा करून दिली. चाहत्यांच्या चर्चेत या गोष्टीचं मोल कमी होतं, पण साठीच्या माणसाने तिशीही न गाठलेल्याकडून वही उघडून शिकणं हे कुठल्याही ऑफिसात रोज घडत नाही.

जुन्या पद्धतीत एलएसयू आपले बरेच खेळाडू लाइनच्या आसपास दाटीने उभे करायची. आपण दाटी केली की समोरचेही दाटी करतात. मग पंचवीस फुटांच्या चौकोनात वीस माणसं, आणि क्वार्टरबॅकने त्यातून वाट शोधायची. नव्या पद्धतीत तीन-चार, कधी पाचही रिसीव्हर मैदानाच्या रुंदीभर पसरून उभे राहायला लागले. रुंदी त्रेपन्न यार्डांवर असते. प्रत्येकासमोर डिफेंडर जावाच लागतो, त्यामुळे मधली गर्दी पांगते. याचा खरा फायदा चेंडू हातात येण्याआधीच होतो. पांगलेला डिफेन्स मोजता येतो. कोण कोणासमोर उभा आहे, कोणता गडी पुढे झुकलाय म्हणजे अंगावर येणार, कुठल्या कोपऱ्यात एकास एक आहे. अडीच सेकंदांतला दीड सेकंदाचा विचार आधीच होऊन जातो.

त्याची किंमतही आहे. पाच जण पास झेलायला गेले की क्वार्टरबॅकजवळ पाचच रक्षक उरतात. समोरच्यांनी सहावा माणूस सोडला तर त्याला अडवायला कोणी नाही. म्हणजे क्वार्टरबॅकने तो सहावा येताना बघायचा, तो जिथून आला तिथे मोकळी जागा झाली असणार हे ओळखायचं आणि धडक बसायच्या आत तिथे चेंडू टाकायचा. हे ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत म्हणजे हाडं मोडून घ्यायचा परवाना. बरोला जमणार होतं. धडकेला न भिणं, आधीच निर्णय घेऊन ठेवणं, चेंडू समोरच्याला न देणं, हे तिन्ही गुण २०१८ मध्ये दिसले होते, पण त्यांचा उपयोग होईल असा खेळच मांडला नव्हता.

शिवाय एक चाल अशी की पळायचं की फेकायचं हे चेंडू हातात आल्यावर ठरवायचं. क्वार्टरबॅक डिफेन्सच्या एकाच माणसावर नजर ठेवतो. तो पळणाऱ्याकडे झेपावला तर त्याच्या पाठीमागे पास, जागीच थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटात. याला आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन, म्हणतात. डिफेंडरने काहीही केलं तरी चुकतंच.

आणि माणसं? जस्टिन जेफरसन २०१८ मध्येही होता, ५४ पास झेलून ८७५ यार्ड. जमार चेस पहिल्याच वर्षाचा, २३ पास. वर्षभरात दोघंही कसले तयार झाले! २०१९ मध्ये चेसचे १,७८० यार्ड आणि २० टचडाउन, जेफरसनचे १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाउन. बुटका, भरीव अंगाचा रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेर, त्याने पळून तर हजारावर यार्ड काढलेच, शिवाय ५५ पास झेलले. लाइनने त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचा ‘जो मूर’ पुरस्कार घेतला. या सगळ्यांना वजा करून उरतो तो क्वार्टरबॅक किती चांगला, असं गणित कोणी मांडून दाखवावं, मला ते जमलेलं नाही.

तिसरा डाउन, सतरा यार्ड

३१ ऑगस्टला पहिल्या सामन्यात एलएसयूने जॉर्जिया सदर्नला ५५-३ झोडपलं, बरोचे पाच टचडाउन मध्यंतराआधीच. यावर भुलू नये. मोठी विद्यापीठं सीझनच्या सुरुवातीला लहान संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात, आणि अशा सामन्यातले आकडे सीझनच्या बेरजेत जसेच्या तसे मिसळतात. नोव्हेंबरात कोणी टक्केवारी तोंडावर फेकली तर त्यातले असे दोन-तीन सामने काढून उरलेलं बघावं.

खरी परीक्षा आठवड्याभराने, ७ सप्टेंबरला, टेक्ससच्या मैदानावर ऑस्टिनमध्ये. शेवटची अडीच मिनिटं राहिलेली, एलएसयू ३७-३१ ने पुढे. तिसरा डाउन, आणि आधी मागे ढकललं गेल्यामुळे जायचंय दहाऐवजी सतरा यार्ड. जुन्या एलएसयूने इथे काय केलं असतं हे बॅटन रूजमधल्या शाळकरी पोरानेही सांगितलं असतं: चेंडू रनिंग बॅकला द्या, घड्याळ चालू ठेवा, मग लाथाडा आणि डिफेन्सवर भरवसा ठेवा. पण त्या रात्री डिफेन्सला टेक्ससचा क्वार्टरबॅक सॅम एलिंजर आवरत नव्हता. चेंडू त्याच्या हाती गेला असता तर एका टचडाउनमध्ये सामना फिरला असता.

एलएसयू पासला उभी राहिली. टेक्ससने जादा माणसं अंगावर सोडली. बरो मागे न हटता पुढे, थोडा डावीकडे सरकला. दोन गडी त्याच्यापर्यंत पोचतच होते. त्याने मैदान कापत धावणाऱ्या जेफरसनकडे चेंडू सोडला, जेफरसनने तो झेलला आणि थेट टोकापर्यंत पळाला. ६१ यार्ड, टचडाउन. वर दोन गुण घेऊन ४५-३१. टेक्ससने आणखी एक केला, पण वेळ संपली होती, ४५-३८. बरो ४७१ यार्ड, ४ टचडाउन.

या एका चालीत मला तीन माणसं दिसतात. सतरा यार्ड असताना पास टाकायची हिंमत करणारे कोच, धडक येत असताना पाय न उचलता पुढे सरकणारा क्वार्टरबॅक, आणि झेलल्यावर कोणाच्या हाती न लागणारा रिसीव्हर. आकडेवारीच्या कागदावर मात्र एकच ओळ: बरो ते जेफरसन, ६१.

त्यानंतर जे झालं ते अमेरिकेत सगळ्यांना पाठ आहे. ९ नोव्हेंबरला अलाबामा, त्यांच्याच मैदानावर. मध्यंतराला ३३-१३, शेवटी ४६-४१, आठ वर्षांचा सासुरवास संपला. बरो ३९ पैकी ३१, ३९३ यार्ड, ३ टचडाउन. गेल्या वर्षीच्या ३५ पैकी १८ शेजारी हे ठेवून बघा. डिसेंबरात त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली, ८४१ जणांनी त्याला पहिली पसंती दिली, आणि एलएसयूला ती १९५९ च्या बिली कॅननंतर प्रथमच मिळत होती. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध मध्यंतरापर्यंतच सात टचडाउन पास. १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनला ४२-२५ हरवून एलएसयू विजेती. भारतात तेव्हा १४ तारखेची सकाळ होती, भोगीची. जिथे आठ वर्षांपूर्वी ९२ यार्डांची नाचक्की झाली, तेच न्यू ऑर्लीन्सचं सुपरडोम.

पंधरा सामने, पंधरा विजय. बरो ५२७ पैकी ४०२, ७६.३ टक्के. ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. वरच्या सूत्राने २०२.०, जे तेव्हा विक्रमी होतं. यातला मला सर्वांत आवडणारा आकडा वेगळाच आहे: प्रत्येक पासमागे यार्ड. २०१८ मध्ये ७.६, २०१९ मध्ये १०.८. टक्केवारी छोट्या-छोट्या पासने फुगवता येते, एकूण यार्ड जास्त पास टाकून वाढवता येतात, पण प्रत्येक पासमागे तीन यार्ड जास्त मिळवायचे तर लांबचे पास पोचावे लागतात आणि तेवढा वेळ लाइनला उभं राहावं लागतं. ऑफेन्स खरोखर सुधारलाय का, हे एका आकड्यात बघायचं असेल तर हा बघावा. दुसरा बघायचा असेल तर तिसऱ्या डाउनवर किती वेळा दहा यार्डांचा टप्पा पूर्ण झाला, तो.

आता उलट बाजू. व्यावसायिक संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडले तेव्हा बरो पहिल्या क्रमांकाने सिनसिनाटी बेंगल्सकडे गेला, जेफरसन मिनेसोटाकडे, एडवर्ड्स-हेलेर कॅन्सस सिटीकडे. ब्रेडी कॅरोलायना पँथर्सकडे गेला. चेसने कोविडच्या वर्षात न खेळायचं ठरवलं. एलएसयूत राहिला माइल्स ब्रेनन, जो २०१८ पासून बरोच्या मागे थांबला होता. तेव्हा इतर दोन क्वार्टरबॅक विद्यापीठ सोडून गेले, हा मात्र टिकून राहिला. २०२० मध्ये त्याची पाळी आली आणि गावाने पुन्हा तराजू काढला.

तीन सामन्यांत ब्रेननने १,११२ यार्ड आणि ११ टचडाउन केले, इंटरसेप्शन ३. प्रत्येक पासमागे साडेआठ यार्ड, म्हणजे बरोच्या पहिल्या वर्षापेक्षा जास्त. संघ मात्र तीनपैकी दोन हरला. पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने एलएसयूच्या डिफेन्ससमोर ६२३ यार्ड काढले. तिसरा सामना मिझुरीशी, ४५-४१ हार. ब्रेननचे त्यात ४३० यार्ड, ४ टचडाउन. नुसता कागद वाचला तर क्वार्टरबॅकचं काय चुकलं असं वाटेल. पण त्या दिवशी एलएसयूला तिसऱ्या डाउनवर दहापैकी एकदाही दहा यार्डांचा टप्पा पूर्ण करता आला नाही, आणि शेवटी टचडाउनपासून एक यार्डावर चार प्रयत्न हातात असताना चारही वाया गेले. त्यात पाससोबत पळणंही अडलं, लाइनही हलली नाही. ब्रेनन त्याच सामन्यात जायबंदी झाला होता. त्या सीझनमध्ये तो पुन्हा उतरलाच नाही, आणि पुढचे सामने पहिल्या वर्षाच्या दोन पोरांनी काढले.